कॅम्पसवर ओपन स्कॉलरशिप रुजवायची तर लायब्ररीने नेमकं काय करायचं

ओपन ऍक्सेसवर (म्हणजे संशोधन कुणालाही फुकट वाचता येणं) एक सेमिनार ठेवला, बाहेरून वक्ते बोलावले, पोस्टर लावली, चहा झाला, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून ये रे माझ्या मागल्या. बहुतेक लायब्रऱ्यांचं घोडं इथेच अडतं. प्राध्यापकांना हे पटत नाही असं अजिबात नाही, संशोधन सगळ्यांना वाचायला मिळालं पाहिजे का असं कुणालाही विचारा, मान डोलावतीलच. पण त्यांच्यामागे लेक्चर असतात, परीक्षा असतात, गाईडशिप असते, आणि आपण जाऊन त्यात अजून एक काम वाढवून येतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, प्रचार कमी करा आणि समोरच्याचं काम हलकं करा. पेपर नुकताच ऍक्सेप्ट झालाय, जर्नल निवडायचंय, ग्रँटच्या फॉर्ममध्ये डेटाचा रकाना रिकामा आहे, थिसिस सबमिट करायचाय, अशा वेळी माणूस खरोखर अडलेला असतो आणि तेव्हा लायब्ररीतून कुणी मदतीला आलं तर ते लक्षात राहतं.

ओपन स्कॉलरशिपमध्ये बरंच काही येतं. पेपर खुले करणं, प्रीप्रिंट (जर्नलला पाठवण्याआधीचा मसुदा), डेटा आणि कोड शेअर करणं, थिसिस, खुली पाठ्यपुस्तकं, खुला पीअर रिव्ह्यू (तज्ज्ञांनी केलेली पेपरची तपासणी). हे सगळं एकाच वर्षात करायला घेऊ नका, नाकी नऊ येतील. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीचा उपयोग पुढच्या पायरीला होतो.

आधी बघा की आपण उभे कुठे आहोत

कुणाला काही सांगायच्या आधी आपल्या संस्थेचे किती पेपर आज खुले आहेत ते काढा. याला पैसे लागत नाहीत. ओपनअलेक्स नावाचा खुला डेटाबेस आहे, २०२२ पासून चालू आहे, त्यात संस्थेचं नाव टाका, गेली तीन वर्षं निवडा आणि ओपन ऍक्सेस स्टेटसचा फिल्टर लावा. कुठले पेपर बंद आहेत, कुठले जर्नलनेच खुले केलेत, कुठले रिपॉझिटरीमुळे (संशोधन साठवून खुलं ठेवणारी साइट) वाचता येतात हे वेगवेगळं दिसतं. यादी डाउनलोड करून स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि विभागवार लावा.

यात दोन अडचणी येणारच. एक म्हणजे लोक संस्थेचं नाव पाच प्रकारे लिहितात, कुणी शॉर्टफॉर्म, कुणी जुनं नाव, कुणी फक्त विभागाचं नाव, त्यामुळे काही पेपर यादीत येतच नाहीत. दुसरी म्हणजे इंग्रजीबाहेरची जर्नल आणि डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) नसलेली जर्नल अशा डेटाबेसमध्ये नीट दिसत नाहीत, म्हणजे भाषा आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत त्यापेक्षा कमी काम करणारे वाटतात. ही यादी घेऊन थेट मीटिंगमध्ये गेलात तर त्या विभागांचे लोक नाराज होतील आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणून आधी विभागात कुणातरी एकाला दाखवून दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीच्या निमित्ताने ओळख होते हा वरचा फायदा.

या यादीतून तुमचं पुढच्या वर्षाचं काम निघतं. जे पेपर आज बंद आहेत पण जर्नलच्या नियमानुसार कायदेशीरपणे खुले करता येतील, ते आधी.

लायब्ररीचं स्वतःचं सामान आधी खुलं करा

लायब्ररीचा स्टाफ पेपर लिहितो, कॉन्फरन्सला जातो, प्रेझेंटेशन करतो. ते सगळं रिपॉझिटरीत आहे का? नसेल तर आधी ते टाका. लायब्ररीच्या गाईड आणि ट्रेनिंगच्या स्लाइड यांच्यावर सीसी बाय लायसन्स (नाव देऊन कुणीही वापरा अशी परवानगी) लावा. प्रत्येकाचा ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, काढा. यात उपदेश कमी आणि व्यवहार जास्त आहे, कारण स्वतःचे पाच पेपर टाकून बघितल्याशिवाय फॉर्ममध्ये कुठे माणूस वैतागतो हे कळत नाही. वीस रकान्यांचा फॉर्म असेल तर तो सहावर आणा, बाकीचे मेटाडेटाचे (पेपरबद्दलच्या माहितीचे) रकाने लायब्ररी नंतर भरेल.

रिपॉझिटरीच नसेल तरी थांबू नका. डीस्पेस (एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये आणलेलं) आणि ईप्रिंट्स (साउदम्प्टन विद्यापीठातून २००० मध्ये आलेलं) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो, आणि सगळे तिथेच फसतात. आयटीवाले उत्साहाने बसवून देतात आणि दोन वर्षांनी अपडेट कुणीच करत नाही. तेवढं मनुष्यबळ नसेल तर सुरुवातीला झेनोडो वापरा. सर्न संस्था २०१३ पासून ते चालवते, तिथे तुमच्या संस्थेच्या नावाने कम्युनिटी उघडता येते आणि प्रत्येक गोष्टीला डीओआय मिळतो.

आपल्या रिपॉझिटरीतले पेपर गुगल स्कॉलरमध्ये येतात का ते जरूर तपासा. स्कॅन केलेली पीडीएफ असेल, आत सिलेक्ट करता येईल असं टेक्स्ट नसेल, फाइल ५ एमबीच्या वर असेल, तर स्कॉलर ती नीट घेत नाही. प्राध्यापक रिपॉझिटरी तपासायला रिपॉझिटरीत येत नाहीत, ते गुगलवर स्वतःचं नाव टाकतात. तिथे दिसलं नाही तर त्यांच्या लेखी ते नाहीच.

एक विभाग धरा

सगळ्या कॅम्पसला एकदम मेल पाठवणं म्हणजे कुणालाच न पाठवणं. एक विभाग निवडा, शक्यतो असा की जिथे एक दोन जण आधीच हे करतायत. भौतिकशास्त्र आणि गणितवाले आर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर पेपर टाकतात, ती सवय १९९१ पासूनची आहे, त्यांना प्रीप्रिंट म्हणजे काय हे तुम्ही शिकवायची गरज नाही, उलट तेच तुम्हाला चार गोष्टी सांगतील. जीवशास्त्रात बायोआर्काइव्ह २०१३ ला आलं, वैद्यकशास्त्रात मेडआर्काइव्ह २०१९ ला. इतिहास किंवा वाङ्मयाच्या विभागात मात्र पुस्तक आणि पुस्तकातला लेख यांना महत्त्व असतं, तिथे जर्नल आणि एपीसीची (पेपर खुला करायला लेखकाने भरायची फी) भाषा घेऊन गेलात तर बोलणंच खुंटतं.

विभागाच्या मासिक मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं मागा, तासभर नको. विषयाचं नावही ओपन ऍक्सेस ठेवू नका. 'तुमचा पेपर लोकांना सापडतो का' किंवा 'फसवं जर्नल कसं ओळखायचं' असं ठेवा, खुर्च्या भरतात. आणि त्याच विभागातल्या ज्या मॅडमनी किंवा सरांनी आधी केलंय त्यांना पाच मिनिटं बोलू द्या. सहकाऱ्याने सांगितलेलं आणि लायब्ररीने सांगितलेलं यात किती फरक पडतो हे बघून आपल्यालाच जरा वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी जगभर ओपन ऍक्सेस वीक असतो, तो करा, पण वर्षभराचं काम त्या आठवड्यावर सोडू नका.

पेपर जमा करून घेणं, म्हणजे खरं काम

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि सगळ्यात जास्त फळ देते, म्हणून इथे जरा सविस्तर.

एका पेपरच्या तीन अवस्था असतात. पहिली, जर्नलला पाठवण्याआधीचा मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट. दुसरी, पीअर रिव्ह्यू होऊन स्वीकारलेली शेवटची प्रत, जिच्यात मजकूर अंतिम आहे पण जर्नलचा लोगो, पानांचे आकडे, दोन कॉलम वगैरे काही नाही. तिसरी, जर्नलच्या साइटवरची सजवलेली पीडीएफ. सबस्क्रिप्शनच्या जर्नलबाबत बहुतेक मोठे प्रकाशक तिसरी प्रत कुठेही टाकू देत नाहीत पण दुसरी टाकू देतात, फक्त अनेकदा १२ ते २४ महिन्यांचा एम्बार्गो घालून, म्हणजे तोवर ती खुली करायची नाही. आणि प्राध्यापक नेमकी तिसरी पाठवतात, दर वेळी. त्यांच्याकडे तीच असते, दिसायला तीच छान असते.

जर्नलनिहाय नियम बघायला ओपन पॉलिसी फाइंडर आहे, जुन्या लोकांना शेर्पा रोमियो म्हणून माहीत असेल, तेच, जिस्क ही ब्रिटिश संस्था चालवते. जर्नलचं नाव किंवा आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) टाकलं की कुठली प्रत, कुठे, किती महिन्यांनी आणि कुठल्या लायसन्सखाली हे चारही कळतं. तिथे सापडलं नाही तर जर्नलच्या साइटवर लेखकांसाठीचं पान उघडा, आणि तिथेही धड नसेल तर लेखकाने सही केलेला करार मागा. करारावर सही करून तो कुठे ठेवलाय हे कुणालाच आठवत नसतं, पण मेलमध्ये शोधलं की निघतो.

'ती वर्ड फाइल माझ्याकडे नाही हो' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. फाइल असते. जर्नलच्या सबमिशन सिस्टीममध्ये लॉगिन केलं की शेवटच्या रिव्हिजनला अपलोड केलेली प्रत बहुतेक वेळा डाउनलोड करता येते. नाहीतर ज्या सहलेखकाने पत्रव्यवहार केला त्याच्या मेलमध्ये. गणितवाल्यांकडे लाटेकची (सूत्रं असलेला मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर) फाइल असतेच. आणि ज्या पीएचडीच्या मुलाने किंवा मुलीने प्रत्यक्ष टायपिंग केलंय त्यांना विचारा, गाईडपेक्षा लवकर मिळते.

मेल कसा लिहायचा? सगळ्यांना एकच सर्क्युलर नको, एका माणसाला एका पेपरबद्दल. साधारण असा:

'सर, नमस्कार. आपला नवीन पेपर जर्नलच्या साइटवर आलेला बघितला, अभिनंदन. तो सध्या पेवॉलमागे आहे, म्हणजे पैसे भरल्याशिवाय वाचता येत नाही. या जर्नलच्या नियमानुसार स्वीकारलेली प्रत, म्हणजे तुम्ही शेवटी अपलोड केलेली साधी वर्ड फाइल, आपल्या रिपॉझिटरीत ठेवता येते. आत्ता ठेवली तर १२ महिन्यांनी ती आपोआप खुली होईल आणि तोपर्यंत फक्त माहिती दिसेल. तुम्ही ती फाइल या मेलला जोडून परत पाठवा, बाकी सगळं मी करते. लिंक तयार झाली की कळवते.'

यात ओपन ऍक्सेसचं महत्त्व वगैरे एक शब्द नाही. नियम तपासून झालाय, काम एकच आहे, आणि एम्बार्गोचं टेन्शन त्यांनी घ्यायचं नाही. पेपर प्रसिद्ध होऊन पंधरा दिवसांच्या आत हा मेल गेला तर फाइल अजून डेस्कटॉपवर असते. दोन वर्षांनी पाठवलात तर लॅपटॉप बदललेला असतो. म्हणून ओपनअलेक्समध्ये किंवा गुगल स्कॉलरमध्ये अलर्ट लावून ठेवा आणि आठवड्यातला एक ठरावीक दिवस फक्त याला द्या.

फाइल आल्यावर लायब्ररीने काय करायचं तेही ठरवून ठेवा. पहिल्या पानावर मूळ पेपरचा डीओआय आणि 'ही स्वीकारलेली प्रत आहे' अशी ओळ टाकायची, फाइलला माणसाला कळेल असं नाव द्यायचं, रिव्ह्यूअरच्या कॉमेंट किंवा ट्रॅक चेंजेस आत राहिलेत का ते बघायचं (राहतात!), पीडीएफ करायची, एम्बार्गोची तारीख टाकायची, लेखकाला लिंक पाठवायची. आणि तीन महिन्यांनी त्याच माणसाला परत एक मेल, आपला पेपर इतक्या वेळा डाउनलोड झाला म्हणून. या दुसऱ्या मेलमुळेच पुढचा पेपर न मागता येतो.

रिसर्चगेटचा, म्हणजे संशोधकांच्या सोशल नेटवर्कचा, विषय निघतोच. 'मी तिथे टाकलाय की, अजून कशाला?' भांडू नका. ती खाजगी कंपनीची साइट आहे, लोकांशी जोडून राहायला बरी, पण तिथे जर्नलची पीडीएफ टाकणं बऱ्याचदा कराराच्या विरुद्ध असतं. २०१७ मध्ये एल्सेव्हियर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी रिसर्चगेटवर दावाच लावला होता, २०२३ ला ते प्रकरण मिटवलं गेलं. तुमची कायदेशीर प्रत रिपॉझिटरीत ठेवा आणि रिसर्चगेटवर तिची लिंक द्या, असं सुचवलं की दोन्हीकडे समाधान.

जर्नल निवडताना लोक लायब्ररीकडे यायला हवेत

ओपन ऍक्सेस म्हणजे पैसे भरून छापणं, हा गैरसमज घट्ट बसलाय. त्याला कारणही आहे. २०२१ पासून नेचरमध्ये पेपर खुला करायचा तर ९,५०० युरो असा आकडा जाहीर झाला आणि तोच सगळ्यांच्या डोक्यात राहिला. पण डीओएजे ही खुल्या जर्नलची तपासलेली यादी आहे, २००३ मध्ये लुंड विद्यापीठात ३०० जर्नलवर सुरू झाली, आणि आज तिच्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास जर्नल लेखकाकडून काहीच फी घेत नाहीत. यांना डायमंड म्हणतात. विद्यापीठं, सोसायट्या चालवतात. डीओएजेमध्ये फी नसलेली जर्नल वेगळी काढायचा फिल्टर आहे, तो प्रत्येक पीएचडीवाल्याला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

हायब्रिड जर्नलबद्दल (सबस्क्रिप्शनचीच, पण फी भरली तर तेवढा पेपर खुला करणारी) मात्र स्पष्ट बोला. लायब्ररी त्याच जर्नलचं सबस्क्रिप्शनही भरते आणि लेखक त्याच जर्नलला एपीसीही देतो, म्हणजे संस्था दोनदा पैसे देते. संस्थेचा त्या प्रकाशकाशी करार असेल आणि त्यात एपीसी धरलेली असेल तर गोष्ट वेगळी, पण तसा करार आहे हे लेखकांना माहीतच नसतं आणि ते स्वतःच्या ग्रँटमधून भरून मोकळे होतात. कुठल्या प्रकाशकांशी करार आहे, त्यात कोण पात्र आहे, किती पेपर शिल्लक आहेत, एवढं एका पानावर लिहून लायब्ररीच्या साइटवर वरच ठेवा.

फसव्या जर्नलचा प्रश्न आला की लोक काळी यादी मागतात. यादी देऊ नका, तपासायची पद्धत द्या. थिंक चेक सबमिट नावाची साधी चेकलिस्ट आहे, तिच्याबरोबर बसून खरंच एक संशयास्पद मेल उघडा आणि सगळ्यांसमोर तपासा. आठवड्यात पीअर रिव्ह्यू करून देतो म्हणतात का? संपादक मंडळातल्या एकाच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का? फी आधी सांगितलीय की ऍक्सेप्ट झाल्यावर कळते? जुन्या पेपरचे डीओआय उघडतात का? नावात 'इंटरनॅशनल' आहे यावर काहीच ठरत नाही. चांगल्या जर्नलची हुबेहूब नकली साइट काढणारेही असतात, तेव्हा साइटचा पत्ता आयएसएसएन पोर्टलवरून पडताळून घ्या. आणि डीओएजेमध्ये आज आहे म्हणजे कायमचं आहे असंही धरू नका, २०१६ मध्ये त्यांनी सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावला आणि ३,००० हून जास्त जर्नल एका झटक्यात यादीबाहेर गेली, त्यातल्या बऱ्याच जणांनी अर्जच केला नव्हता.

खुल्या पेपरला सायटेशन (इतर पेपरमधले उल्लेख) जास्त मिळतात, हे सांगायचा मोह होतो. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात सरासरीपेक्षा १८ टक्के जास्त असं आलंय खरं. पण लोक आपला चांगला पेपरच खुला करतात, चांगल्या ग्रँटवाल्यांकडे एपीसीचे पैसे असतात, अशी कारणंही त्यात मिसळलेली आहेत. स्टॅटिस्टिक्सच्या विभागात जाऊन हा आकडा ठासून सांगितलात तर तिथल्या तिथे पकडतील. वाचक वाढतात एवढं सांगा, ते पुरेसं आहे.

लायसन्स, थोडक्यात पण नीट

क्रिएटिव्ह कॉमन्सची सहा लायसन्स आहेत आणि लोक घाबरून सगळ्यात कडक निवडतात. एनडी (बदल करायला मनाई) लावलं की तुमच्या पेपरचा अनुवाद करून कुणी प्रसिद्ध करू शकत नाही, हे किती जणांना माहीत असतं? एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) लावलं की फी घेणाऱ्या खाजगी क्लासने उतारा घेऊ नये हे ठीक, पण एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या पाठ्यपुस्तकातही तो जात नाही. सीसी बायमध्ये नाव द्यावंच लागतं, 'कुणीही चोरेल' ही भीती तिथे सांगून दूर करा. डेटासाठी सीसी झिरो (सगळे हक्क सोडून देणं) बरं. सॉफ्टवेअरला मात्र सीसी लावू नका, त्यासाठी एमआयटी, जीपीएल अशी वेगळी लायसन्स आहेत. आणि एक गोष्ट आधीच सांगा, एकदा दिलेलं सीसी लायसन्स परत घेता येत नाही.

ऑर्किड

हे सोपं आहे, लवकर संपतं. १६ अंकी ओळखक्रमांक, २०१२ पासून, फुकट, शेवटचा अंक कधीकधी एक्स असतो तर चूक समजू नका. नवीन पीएचडी रजिस्ट्रेशनच्या दिवशी लायब्ररीच्या टेबलवर काढून द्या. फक्त संस्थेच्या मेलबरोबर स्वतःचा खाजगी मेलही जोडायला लावा, नाहीतर संस्था सोडली की खात्यात शिरायची पंचाईत. एकसारखी नावं असलेल्या लोकांना आणि लग्नानंतर नाव बदललेल्यांना याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

डेटा, जिथे सगळे बिचकतात

ग्रँट देणारे आजकाल डेटा मॅनेजमेंट प्लॅन मागतात आणि तो शेवटच्या रात्री लिहिला जातो. लायब्ररीने तीन चार भरलेले नमुने ठेवले, एक मुलाखतींच्या डेटाचा, एक लॅबमधल्या उपकरणांचा, एक सर्व्हेचा, तर लोक आपोआप येतात. रिकामा टेम्प्लेट देऊ नका, भरलेला द्या.

शिकवायचं ते छोटं ठेवा. फाइलला तारीख आणि अर्थ असलेलं नाव, 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' असं नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये एक रीडमी फाइल, तिच्यात कॉलमचं नाव, एकक, रिकामी जागा म्हणजे काय (शून्य की माहिती नाही?), कोणी कधी गोळा केलं. आणि एक्सेलसोबत सीएसव्हीची प्रत. एक्सेलबद्दल एक खरा किस्सा सांगा, जीवशास्त्रवाले हसतात आणि मग ऐकतात. सेप्ट२ नावाचं जनुक टाइप केलं की एक्सेल त्याला २ सप्टेंबर करून टाकायचं, इतक्या पेपरच्या पुरवण्यांमध्ये या चुका सापडल्या की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं.

सगळा डेटा खुला करा असं कधीही म्हणू नका. माणसांबद्दलचा डेटा असेल तर नाव काढलं म्हणजे झालं नाही. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की अमेरिकेतले ८७ टक्के लोक फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून वेगळे ओळखता येऊ शकतात. शक्य तेवढं खुलं आणि गरजेपुरतं बंद, हे सूत्र वापरा. डेटा बंद ठेवला तरी त्याची माहिती, म्हणजे काय आहे, कोणाकडे आहे, मागायचा कसा, हे खुलं ठेवता येतं. डेटा कसा ठेवावा याची २०१६ ला आलेली फेअर तत्त्वंही हेच म्हणतात, त्यात डेटा सापडण्याजोगा आणि पुन्हा वापरण्याजोगा असावा असं आहे, सगळ्यांना खुला असलाच पाहिजे असं नाही. संमतीपत्र मात्र डेटा गोळा करायच्या आधी बघायला मागा, कारण 'ही माहिती फक्त माझ्याकडे राहील' असं एकदा लिहून दिलं की पुढे काही करता येत नाही.

कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) असेल तर तो झेनोडोला जोडून द्या, नवीन रिलीज काढला की डीओआय आपोआप मिळतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि मुलं फार खूश होतात.

थिसिस आणि पाठ्यपुस्तकं

थिसिस खुला केला तर पुढे पुस्तक कोण छापेल, पेपर कोण घेईल, ही भीती खरी असते, उडवून लावू नका. ठरावीक काळाचा एम्बार्गो मागायची सोय ठेवा आणि ती फॉर्मवरच दिसू द्या. थिसिसमध्ये इतरांच्या आकृत्या, नकाशे, फोटो असतात, त्यांची परवानगी दुसऱ्या वर्षीच घ्यायला सांगा, शेवटच्या महिन्यात सांगून उपयोग नसतो.

खुल्या पाठ्यपुस्तकांसाठी एकच सुचवते. मोठ्या वर्गाच्या, पहिल्या वर्षाच्या विषयापासून सुरू करा, तिथे ओपनस्टॅक्ससारखी तयार पुस्तकं मिळतात आणि लायसन्समुळे त्यातले धडे गाळता, बदलता, स्थानिक उदाहरणं घालता येतात. नवीन पुस्तक लिहायच्या फंदात सुरुवातीलाच पडू नका.

धोरण शेवटी, आधी नाही

बरेच जण उलटं करतात, आधी धोरण मंजूर करून घेतात आणि मग ते फायलीत राहतं. वर्षभर पेपर जमा करून झाले, एका विभागाची साथ आहे, हातात आकडे आहेत, मग धोरणाचा मसुदा घेऊन वर जा. आणि मसुदा प्राध्यापकांकडून मांडला जाऊ द्या, लायब्ररीकडून नको. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेत २००८ मध्ये प्राध्यापकांनीच मत देऊन धोरण केलं, त्यात लेखक विद्यापीठाला आधीच बिनअनन्य हक्क देतो (लेखकाचे स्वतःचे हक्क तसेच राहतात), म्हणजे नंतर जर्नलशी झालेल्या करारावर अडत नाही, आणि कुणाला एखाद्या पेपरसाठी नको असेल तर सूट मागता येते. ही सूट ठेवली की विरोध निम्मा मावळतो.

नुसतं आवाहन करून भागत नाही हेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने २००५ ला पेपर जमा करणं ऐच्छिक ठेवलं होतं, फारच थोड्यांनी केलं, २००८ पासून सक्तीचं केल्यावर चित्र बदललं. बेल्जियमच्या लीएज विद्यापीठाने त्याहून साधी गोष्ट केली, अंतर्गत मूल्यमापनात आणि बढतीत रिपॉझिटरीत असलेलेच पेपर धरायचे. शिक्षा नाही, दंड नाही, पण यादी तिथूनच काढणार म्हटल्यावर लोक आपण होऊन टाकतात. तुमच्याकडे वार्षिक अहवालासाठी पेपरची यादी दरवर्षी गोळा होतेच ना, ती रिपॉझिटरीतून काढायची एवढं जरी ठरलं तरी मोठं काम झालं. वरच्यांना आधार हवा असेल तर युनेस्कोची नोव्हेंबर २०२१ ची ओपन सायन्सवरची शिफारस आहे, ती जोडा.

इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलला सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावर) बढती ठरते तोवर हे सगळं कसं चालणार, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणणं रास्त आहे. संशोधन इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका असं म्हणणारा डोरा जाहीरनामा यासाठीच आहे, पण तिथे सही करणं लायब्ररीच्या हातात नसतं. लायब्ररीच्या हातात एवढं असतं की बढतीचा फॉर्म भरताना डेटा, कोड, प्रीप्रिंट यांच्यासाठी रकाना असावा असं समितीला सुचवायचं.

काय मोजायचं आणि काय लिहून ठेवायचं

किती सेमिनार झाले, किती लोक आले, हे अहवालात लागतं म्हणून लिहा, पण स्वतःसाठी वेगळे आकडे ठेवा. यावर्षी प्रसिद्ध झालेल्या पेपरपैकी किती टक्के वाचता येतात, पहिल्यांदाच पेपर देणारे किती, न मागता स्वतःहून पाठवणारे किती, आणि मेल पाठवून उत्तर न आलेले कोण. शेवटची यादी सगळ्यात उपयोगी, त्यांना मेल करू नका, जाऊन भेटा.

आणि सगळं एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका. ज्या ग्रंथपालाने हे उभं केलं त्यांची बदली झाली किंवा निवृत्ती आली की रिपॉझिटरी थांबते, असं खूप ठिकाणी होतं. संपर्कासाठी वैयक्तिक मेल न देता विभागाचा सामायिक मेल द्या, मेलचे नमुने आणि जमा करायची पद्धत एका फाइलमध्ये लिहा, ऍडमिनचा पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या, सर्व्हरचं आणि डोमेनचं नूतनीकरण कुठल्या तारखेला आहे आणि पैसे कुठल्या हेडमधून जातात ते त्याच फाइलमध्ये टाका, आणि एम्बार्गो संपणाऱ्या पेपरची यादी दर महिन्याला दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या म्हणजे त्या व्यक्तीलाही काम येतं.